एर्मेस, आर्नो आणि भाऊबंदकी

फोर्टमध्ये नोकरीला होतो तेव्हा हॉर्निमन सर्कलवरनं रोज जाणं व्हायचं, तिथं एर्मेसचं, म्हणजे महागड्या बॅगांच्या फ्रेंच कंपनीचं, दुकान आहे, 2011 पासून. आत कधी गेलो नाही, खोटं कशाला बोलू, दारावरच्या माणसाचे बूटच माझ्यापेक्षा भारी होते. (आणि हो, उच्चार एर्मेस. मी पण बरीच वर्षं हर्मिस हर्मिस करत होतो.)

मागं 2025 च्या जुलैत जेन बर्किनची (जिच्या नावानं एर्मेसची बर्किन बॅग आहे ती गायिका-अभिनेत्री) स्वतःची वापरलेली बॅग पॅरिसच्या लिलावात 86 लाख युरोला गेली, तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकच, पैसा जास्त झालाय लोकांना. झाला असेल. मला त्या बॅगेत काडीचा इंटरेस्ट नाही, मला इंटरेस्ट आहे त्या घरातल्या चुलतभावंडांत.

गोष्ट अशी की 1837 साली तिएरी एर्मेस नावाच्या माणसानं पॅरिसमध्ये घोड्यांचं साजसामान बनवायचा कारखाना टाकला. पुढं मोटारी आल्या, घोडे गेले, मग नातवानं, एमिलनं, बॅगा वाढवल्या. एमिलला मुलगा नव्हता, मुली होत्या, त्यामुळं धंदा जावयांकडं गेला आणि आज मालकांची आडनावं दुमा, प्युएश, गेराँ अशी आहेत. म्हणजे तीन मुलींची तीन घरं, त्यांची नातवंडं-पतवंडं, आणि एक कंपनी. आपल्याकडं एवढ्यात चार दावे पडले असते.

1993 ला कंपनी शेअर बाजारात आली. 2010 च्या मे महिन्यात घरातला मोठा माणूस गेला, जाँ-लुई दुमा. आणि त्याच ऑक्टोबरात एलव्हीएमएचचे बर्नार आर्नो, म्हणजे लुई व्हिताँवाले, जाहीर करतात की एर्मेसचे 17 टक्के आता आमच्याकडं आहेत. एवढे शेअर गोळा होईपर्यंत कुणाला पत्ता कसा नाही? तर बँकांशी करार केलेले, वरवर बघितलं तर हिशोब फक्त पैशात मिटणार, शेअर बँकेचे, त्यामुळं सांगायची गरज नाही, आणि ऐन वेळी पैशाऐवजी शेअरच उचलले. 2013 ला तिथल्या बाजार नियामकानं 80 लाख युरो दंड केला, जो आर्नोंसाठी चहापाण्याचा खर्च.

आता खरी गंमत. बाजारात भाव चढलेला, समोर जगातला एक सगळ्यात श्रीमंत माणूस घ्यायला उभा, आणि घरातल्या प्रत्येकाकडं कोट्यवधीचे शेअर. विकले असते तर सात पिढ्या बसून खाल्लं असतं. तर 50 च्या वर नातेवाईक एकत्र आले, एच51 नावाची कंपनी काढली, स्वतःचे शेअर त्यात टाकले, निम्म्याच्या वर हिस्सा, आणि 20 वर्षं विकणार नाही असं लिहून दिलं. आर्नो 23 टक्क्यांपर्यंत गेले पण पुढं वाटच नाही. 2014 ला तडजोड झाली, त्यांनी ते शेअर आपल्या भागधारकांना वाटून टाकले.

सगळेच साधुसंत नव्हते हो. निकोला प्युएश नावाचे एक भाऊ बाहेरच राहिले, आणि नंतर म्हणायला लागले की माझे सुमारे 60 लाख शेअर माझ्याकडं राहिलेच नाहीत, गायब झाले. कोर्टकचेरी तिथं पण आहेच.

यावर लोक म्हणतात, अरे पण ती बर्किन बॅग मिळायला आधी स्कार्फ घ्या, कपबशा घ्या, मग दुकानदार मर्जीत येणार. बरोबर आहे, हा प्रकार मला पण फालतू वाटतो, कॅलिफोर्नियात यावरनं लोक कोर्टात पण गेले होते. पण बॅगा कमी का, त्याचं निम्मं उत्तर हातात आहे. एक कारागीर एक बॅग सुरुवातीपासनं शेवटपर्यंत करतो. मेण लावलेला एकच दोरा, दोन टोकांना दोन सुया, दोन्ही बाजूनं एकाच भोकातनं काढायच्या. मशीनची शिवण एका ठिकाणी तुटली की सरसर उसवते, ही एक टाका तुटला तरी बाकीची तशीच राहते. खोगिराची शिवण ती. घाई करायची म्हटलं तर माणसं शिकवावी लागतात आणि शिकायला वर्ष-दीड वर्ष जातं. बाहेरचा मालक आला असता तर पहिल्या तिमाहीत विचारलं असतं, आउटपुट का वाढत नाही.

मी मूळचा कोल्हापूरकडचा, त्यामुळं हे वाचताना पायतानच डोळ्यासमोर येतं. 2025 च्या जूनमध्ये प्राडानं, इटलीच्या फॅशन कंपनीनं, मिलानच्या रॅम्पवर आपली चप्पल चालवली तेव्हा मी पण दोन दिवस तापलो होतो, 2019 चा जीआय टॅग आहे आणि नाव साधं घेतलं नाही म्हणून. (प्राडा पण घरचाच धंदा, 1913 चं मिलानमधलं चामड्याचं दुकान.) पण आपल्या कारागिराचा हात काय कमी आहे का? वादी ओवताना बघा एकदा. फरक एवढाच की तिथं ज्याचा धंदा त्यानं तो सोडला नाही, आणि इथं करणाऱ्याच्या हातात जोडामागची मजुरी येते, पुढचं सगळं दुसऱ्याचं.

आणि धंदा सोडायचं म्हणाल तर लांब कशाला जाऊ. आमच्या आजोबांचं एक दुकान होतं, चपलांचं नाही, किराण्याचं, चांगलं चालणारं. तिघा भावांत वाटण्या झाल्या, दुकानात पत्र्याच्या दोन भिंती घातल्या, आणि एकच गिऱ्हाईक तिन्ही गाळ्यांत भाव करत फिरायला लागलं. बाहेर तीन पाट्या लागल्या, तिन्हींवर नाव आजोबांचंच.