हर्णैचं मिलोस नको

आज दुपारी ओळखीतल्या एका मुलाने रील टाकलंय. ग्रीसच्या मिलोस बेटावरचा साराकिनिको किनारा, ड्रोनने वरून घेतलेला, आणि खाली ओळ: "आपल्या हर्णैचं असं कधी होणार?" त्यावर बदामांचा पाऊस. कोकणातलं, दापोलीजवळचं हर्णै हे मासळीबंदर माझं आजोळ आहे आणि मिलोस मी पाहून आलेय. कॉमेंटमध्ये मावणार नाही एवढं साचलंय, म्हणून इथे लिहितेय.

साराकिनिको सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. ज्वालामुखीतून आलेला पांढरा दगड, वाऱ्याने आणि लाटांनी घासून गुळगुळीत केलेला. झाड नाही, सावली नाही. भर दुपारी त्या पांढऱ्यावर डोळे उघडे ठेवता येत नाहीत. मधून एक चिंचोळी खाच आत येते, तिच्यात हिरवंनिळं पाणी आणि दोन्ही कड्यांवरून धडाधड उड्या मारणारी पोरं. मीही पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हते.

पण या रीलमध्ये मांद्राकिया नाही. गाडीने पाच-सात मिनिटांवर असलेलं कोळ्यांचं इवलंसं गाव. तिथे किनाऱ्यालगत मऊ खडक कोरून होड्यांची घरं केली आहेत, त्यांना 'सिरमाता' म्हणतात. खाली होडी, काहींवर राहायची खोली, आणि दारं निळी, लाल, हिरवी. हिवाळ्यात समुद्र खवळला की होड्या उतारावरून ओढून आत घ्यायच्या. आपल्याकडे पावसाळ्याआधी होड्या वर ओढून शाकारतात, तेच काम. म्हणजे ती दारं फोटोसाठी रंगवलेली नाहीत हो, ती कामाची दारं आहेत.

तर तिथे मी पाहिलं ते ऐका. एक म्हातारा होडी घेऊन आत आला. होडीत पिवळ्या जाळ्याचा ढीग. उतारावर पांढऱ्या झग्यातली एक मुलगी पोज देऊन उभी, समोर तिचा नवरा की मित्र कॅमेरा घेऊन वाकलेला. म्हाताऱ्याने इंजिन मंद केलं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि एक बोट वर केलं. थांबा, एक मिनिट. स्वतःच्या दारात होडी लावायला आलेल्या माणसाला! आणि तो थांबला. होडी वळवून पाण्यात एक चक्कर मारून आला, तरी फोटो चालूच.

ते वर केलेलं बोट माझ्या डोक्यातून जात नाही. तुम्ही माझ्या मित्रयादीत आहात, म्हणजे यात काय चुकलं ते तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

मिलोसवरून उचलून न्यायची सवय जगाला जुनीच आहे. 1820 मध्ये तिथल्या शेतकऱ्याला जमिनीत सापडलेली व्हीनस देवीची मूर्ती आज पॅरिसच्या लूव्हरमध्ये उभी आहे. आता फोटो नेतात. आणि जे नेता येत नाही ते तिथेच मोडतात. ग्रीसमध्ये मासेमारी कमी करायच्या युरोपीय धोरणाखाली कोळ्यांना परवाना सोडायचे पैसे मिळत आले आणि बदल्यात होडी मोडायला द्यावी लागायची. 1990 च्या दशकापासून हजारो लाकडी होड्या अशा यंत्राखाली चिरडल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या हाताने घडवलेल्या होड्या! मग रिकाम्या सिरमातांमध्ये पलंग टाकतात आणि रात्रीच्या भाड्याने देतात. मला हे आठवलं तरी राग येतो.

हो, त्या भाड्यावर तिथली घरं चालतात, हे खरं आहे. कदाचित त्या म्हाताऱ्याच्या मुलांचंही. ठीक आहे.

पण पैसा आला की तो मागे सरकायला तयार नसतो. 2025 च्या सुरुवातीला खुद्द साराकिनिकोच्या शेजारी हॉटेलसाठी खोदकाम सुरू झालं होतं. त्या पांढऱ्या दगडात खड्डा! ग्रीसभर ओरड झाली तेव्हा काम थांबलं. ओरडावं लागलं, हे लक्षात घ्या. 2023 च्या उन्हाळ्यात शेजारच्या पारोस बेटावरचे लोक टॉवेल घेऊन आपल्याच किनाऱ्यावर आंदोलनाला उतरले, कारण भाड्याच्या खुर्च्या-छत्र्यांनी वाळूच उरली नव्हती. मग 2024 मध्ये कायदा झाला: निम्मा किनारा मोकळा ठेवायचा, संरक्षित ठिकाणी 70 टक्के, आणि पाण्यापासून 4 मीटरपर्यंत खुर्ची नाही. ज्यांच्यासारखं व्हायचं म्हणता, ते आपला किनारा परत मागताहेत.

हर्णैला काय हवंय ते वाळूवर मासळीच्या लिलावाला बसणाऱ्या बायकांना विचारा ना. माझी मामी आधी जेटी म्हणेल, मग बर्फ, मग बायकांसाठी बरं स्वच्छतागृह. ड्रोनमधून यातलं काही दिसत नाही.

लिहिता लिहिता जरा शांत झालेय, तर त्या म्हाताऱ्याबद्दल उरलेलं सांगते. ती दोघं एकदाची बाजूला झाली. त्याने होडी लावली, बायको बादली घेऊन खाली आली, दोघांनी मिळून जाळं उतरवलं. इतक्यात दुसरं एक जोडपं त्यांच्याच निळ्या दाराला टेकून बसलं. म्हाताऱ्याने दार उघडायचं आहे असं हाताने दाखवलं आणि वर हसला. मला नसतं हसता आलं. त्या हसण्याचा अर्थ "या, बसा" असा कुणी घेऊ नये म्हणून एवढं लिहिलं.

यंदा मिलोसला जाणाऱ्या दोन मैत्रिणी हे वाचत असतील. जरूर जा गं. जमलं तर जुलै-ऑगस्ट टाळा, इतर वेळी गर्दी कमी असते आणि मेल्तेमी हा तिथला उन्हाळ्यातला जोराचा वाराही एवढा छळत नाही. मांद्राकियात जेवा, तिथल्या माणसांना चार पैसे मिळू देत. दारांना टेकू नका, आत कुणाचं तरी घर आहे. आणि होडी येताना दिसली की तिला वळावं लागायच्या आधी उतारावरून बाजूला व्हा.