शपथ स्क्रीनवरही चालेल, पण ती घेतली जाऊ द्या

प्रतिज्ञापत्रावर इलेक्ट्रॉनिक सही चालावी का, हा विषय निघाला की सगळे सहीवरच बोलतात. खोटी करता येईल का, हॅक होईल का, कोर्ट मानेल का. माझ्या मते सहीचा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला आहे. घोडं अडलंय ते शपथेपाशी, आणि तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

आधी सहीचं बघू. खऱ्या डिजिटल सहीत मजकुराचा एक गणिती ठसा काढतात, त्याला हॅश म्हणतात, आणि त्यावर सही करणाऱ्याची खासगी किल्ली, म्हणजे फक्त त्याच्याकडे असलेला गुप्त आकडा, चालवतात. तिच्या जोडीची सार्वजनिक किल्ली सगळ्यांना उघड असते, तिने सही तपासता येते. नंतर कुणी एक स्वल्पविराम जरी हलवला तरी तपासणीत ते उघड होतं. यामागचा सार्वजनिक किल्लीचा विचार डिफी आणि हेलमन या संशोधकांनी 1976 मध्ये मांडला. कागदाला हे कुठे जमतं? शेवटच्या पानावर अस्सल सही आणि मधलंच पान बदललेलं, असं होऊ शकतं, म्हणून तर पानापानावर सही घेतात. (सहीचा फोटो चिकटवणं किंवा बोटाने रेघ ओढणं याला या गणिताची काहीच हमी नसते. तरी सर्रास सगळ्यालाच ई-सही म्हटलं जातं, आणि अर्धा गोंधळ तिथेच होतो.)

पण ही सही सांगते किती? अमुक मजकुरावर अमुक किल्ली चालली, एवढंच. त्या क्षणी किल्ली कुणाच्या हातात होती, हे ती सांगू शकत नाही. साहेबांची किल्ली ज्यात असते ते टोकन (पेनड्राइव्हसारखं उपकरण) सहायकाच्या खणात असतं आणि पिनही त्यालाच पाठ असतो. आजोबांच्या फोनवर आलेला ओटीपी घरातलंच कुणीतरी टाकून मोकळं होतं. एखाद्या साध्या पावतीत हे खपूनही जाईल. प्रतिज्ञापत्रात माणूस म्हणत असतो की हे मला माहीत आहे, हे खरं आहे, आणि खोटं निघालं तर शिक्षा भोगायला मी तयार आहे. मुलाचा ताबा, घराचा हक्क, कुणाची तरी अटक, अशा बाबतीत कोर्ट कित्येकदा सांगणाऱ्याला समोर न बघता त्या कागदावर विसंबून आदेश देतं. तिथे ‘मी सहमत आहे’च्या चौकोनात टिचकी मारणं म्हणजे शपथ, हे मला अजिबात मान्य नाही.

म्हणून पुन्हा कागदच बरा, असं मी म्हणत नाही. गठ्ठा पुढे ओढून, मान वर न करता शिक्के मारणारे अधिकारी कागदाच्याच जगातले. उलट थेट व्हिडिओवर शपथ दिली तर तिचं चित्रण मागे राहतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याने 2012 पासून नोटरीला व्हिडिओवरून काम करण्याची मुभा दिली आणि ते चित्रण निदान 5 वर्षं जपण्याचं बंधनही घातलं. इंग्लंडने कोविडकाळात मृत्युपत्राच्या साक्षीदारांना थेट व्हिडिओवरून सही पाहू दिली, पण सही मात्र शाईचीच मागितली. मला हे उफराटं वाटतं. मजकूर जपण्यात शाईच कच्ची आहे.

खरी भीती पडद्याबाहेरच्या माणसाची आहे. कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून कुणी डोळे वटारत असेल तर? म्हणून अधिकाऱ्याने खोलीभर कॅमेरा फिरवायला सांगावं, सोबत कोण आहे ते विचारावं. ‘वाचलं का?’ या प्रश्नाला सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी ‘यात काय लिहिलंय ते तुमच्या शब्दांत सांगा’ असं म्हणावं. ज्याने वाचलेलंच नाही तो पहिल्या वाक्यात अडखळतो. मग तोंडाने शपथ, आणि तिथल्या तिथे, अधिकाऱ्याच्या देखत सही. या क्रमात एकही पायरी गाळायला मी तयार नाही.

एवढा वेळ कुणाकडे आहे, असं विचाराल. बरोबर आहे, कारण आपण ऊठसूट प्रतिज्ञापत्रं मागतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यात 1976 पासून सोय आहे: बहुतेक ठिकाणी शपथेऐवजी ‘खोटं असल्यास शिक्षेस पात्र’ असं लिहून, तारीख घालून केलेलं सहीचं निवेदन चालतं. पत्ता बदलला, दाखला हरवला, अशा कामांना तेवढं पुरे. ती सगळी साध्या ई-सहीवर सोडून द्या, आणि वाचलेला वेळ ज्या प्रतिज्ञापत्रावर कुणाचं घर किंवा मूल अवलंबून आहे, त्याला द्या.