ऐकू आलं ना? मग हो म्हणा

इंग्रजीचे शिक्षक म्हणून यंदा नव्याने रुजू झालेल्या सर आणि टीचर लोकांनो, अभिनंदन. सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला मिळणं हे सगळ्यांच्या कपाळी नसतं. शिकवायचं कसं ते तुम्हाला बीएडला सांगितलं असेलच. मी सांगणार आहे ते तपासायचं कसं. शिकवल्यावाचून एखादं वर्ष निभतं. तपासल्यावाचून निभत नाही, कारण रजिस्टर बघायला वरून माणूस येतो.

सुरुवात परिपत्रकापासून होईल. विद्यार्थ्यांचं इंग्रजी श्रवण आणि वाचन कौशल्य तपासावं, असं कन्नडमध्ये लिहिलेलं पत्र मराठी शाळेत येतं. स्टाफरूममध्ये ज्याला कन्नड त्यातल्या त्यात बरं येतं, बहुधा पीईचे सर, ते मोठ्यानं वाचतात आणि मध्येमध्ये मराठीत सांगतात. त्या वेळी जरा आजूबाजूला बघून घ्या. दोघं मोबाईलमध्ये, एक जण वह्या तपासतोय, चित्रकलेच्या टीचर डब्याचं झाकण उघडायला झटताहेत. शेवटी हेडमास्तर विचारतात, ‘कळलं न्हवं सगळ्यांना?’ सगळे मान डोलावतात. ही मान लक्षात ठेवा. पुढचा सगळा कारभार तिच्यावरच चालतो.

आता गुणांचा हिशेब. एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावीची बोर्डाची परीक्षा, 625 गुणांची. पहिली भाषा मराठी 125 ची, बाकी पाच विषय शंभराचे, इंग्रजी त्यातलीच. शंभरातले 80 बोर्डाच्या लेखी पेपरला आणि 20 आपल्या हातात. त्या 80 मध्ये कानाला काडीचंही काम नाही. मुलगा ठार बहिरा असला तरी शंभरातले ऐंशी त्याच्यासाठी मोकळे आहेत. उरलेल्या 20 मध्ये प्रोजेक्ट, चार्ट, पाठांतर, वहीची कव्हरं या गर्दीत श्रवणाला कुठंतरी उभं राहण्यापुरती जागा मिळते, आमच्या जांबोटीच्या सकाळच्या बसमध्ये मिळते तशी.

हे 20 गुण कसे द्यायचे याबद्दल पहिला आणि शेवटचा नियम: 18 च्या खाली उतरायचं नाही. 17 दिले की बाप येतो. 15 दिले की हेडमास्तर बोलावतात आणि ‘बेळगाव शैक्षणिक जिल्हा, चिक्कोडी शैक्षणिक जिल्हा’ अशी निकालाची तुलना तुमच्यापुढं मांडतात, जणू चिक्कोडी त्या 3 गुणांनीच पुढं जाणार आहे. खरं, एकाच मुलाला इंटर्नलला 20 पैकी 19 आणि लेखीला 80 पैकी 29 कसे पडले, हे मात्र माझ्या इतक्या वर्षांत कुणी विचारलेलं नाही. लोक सभ्य आहेत.

श्रवणचाचणी घ्यायचीच असेल तर साहित्य लागतं. ब्लूटूथचा स्पीकर खुर्चीवर ठेवा आणि नेटवरून एखादी क्लिप उतरवून घ्या. क्लिप शक्यतो अशी निवडा की तिच्यात बर्फ पडतोय आणि कुणी बाई भुयारी रेल्वेचं तिकीट मागतेय. पोरांनी बर्फ बघितलाय तो गणपत गल्लीत गोळ्यावर, आणि भुयार म्हणजे ब्रगँझा घाटातला बोगदा. त्यामुळं चाचणी आपोआपच दर्जेदार होते. दीड मिनिटानं करंट जातो. स्पीकर चार्ज केलेला नसतोच. मग तुम्ही घसा खाकरून स्वतः वाचायला लागा. एवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं.

वाचण्याची पद्धत अशी. ‘टॉम वेंट टु द मार्केट. म्हणजे टॉम बाजाराला गेला. व्हेअर डिड टॉम गो? टॉम कुठं गेला?’ सगळा वर्ग एका सुरात: ‘मार्केट!’ झाली चाचणी. छत्तीस पोरांचे बहात्तर कान एका आवाजात तपासून झाले. प्रत्येकाला वेगळं विचारायच्या भानगडीत पडू नका. वेगळं विचारलं की वेगळं उत्तर येतं आणि मग ते कुठं लिहायचं हा प्रश्न उभा राहतो.

तिकडं परदेशी जाणाऱ्यांसाठी आयईएलटीएस म्हणून परीक्षा आहे. तिच्यात श्रवणाचे चार भाग, 40 प्रश्न आणि ध्वनिफीत एकदाच लावतात. एकदाच! अर्ध्या तासात कारभार आटोपला. केंब्रिजच्या शाळकरी मुलांच्या परीक्षांत निदान दोनदा ऐकवतात. एकदा सगळं मिळून काय चाललंय ते समजायला आणि दुसऱ्यांदा बारकावे टिपायला. पण त्यांचा खरा दुष्टपणा पर्यायांत असतो. तीन पर्यायांतले तिन्ही शब्द कानावर पडतात आणि बरोबर उत्तर मात्र दुसऱ्याच शब्दांत सांगितलेलं असतं. बोलणारा म्हणतो, ‘पाच वाजता निघणार होतो, पण अर्धा तास थांबावं लागलं,’ आणि पोरानं साडेपाच ओळखायचं. म्हणजे नुसतं ऐकून भागत नाही, कळावंही लागतं. असली फसवाफसवी आपल्या संस्कृतीत बसत नाही. आपण टॉमला बाजाराला पाठवतो आणि तो बाजारालाच जातो.

शिवाय आमच्या भागाचं ऐकण्याशी नातं जरा निराळं आहे. ‘सुनावणी’ हा शब्द इथं ऐकण्याशी जोडलेला नाही, तारखेशी आहे. 2004 पासून सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा दावा पडून आहे. पोरांच्या वडिलांनी सुनावणीची वाट बघितली, आता पोरं बघताहेत. कुणी ऐकून घेईल अशी घाई आम्हाला नसते.

आता वाचन. हा विषय जास्त सोपा आहे, कारण वाचन आणि वाचून दाखवणं यांतला फरक वरून येणारा माणूस करत नाही. प्रकट वाचन घ्या. खणखणीत आवाजाची दोन पोरं हेरून ठेवा आणि साहेब वर्गात आले की त्यांनाच उठवा. पुस्तकात प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं देवनागरी लिहिलेली असेल, तर ती आधी खोडून घ्या. खोडली नाही तरी बिघडत नाही म्हणा, साहेब उभे असतात तिथून ती दिसत नाही. आमच्या एका गुणी मुलीनं ‘नॉलेज’च्या डोक्यावर ‘कनौलेडगे’ लिहून ठेवलं होतं आणि तसंच ते ठणठणीत वाचलं. साहेबांनी ‘गुड, गुड’ म्हणून पाठ थोपटली. त्यांचंही लक्ष बिसीऊटाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, वासाकडं असावं. त्या दिवशी अंडी होती.

मूकवाचन मात्र टाळा. चाळीस मिनिटं वर्ग गप्प दिसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावून बघतात, तुम्ही आलाय की रजेवर आहात.

लेखी पेपरात अपठित उतारा असतो. त्याची तयारी हा आमच्या धंद्यातला हातखंडा प्रयोग. उतारा वाचू नका, हा पहिला धडा. आधी प्रश्न बघा. प्रश्नातला मोठा शब्द धरा. तोच शब्द उताऱ्यात शोधा. सापडला की त्या टिंबापासून या टिंबापर्यंतची ओळ उचला आणि उत्तरात ठेवा. पासिंग पॅकेजमध्ये, म्हणजे पोरं निदान पास व्हावीत म्हणून काढलेल्या पुस्तिकेत, हेच चार चौकटींत छापलेलं असतं. भाजी मंडईत दोडका ओळखायला त्याची चव घ्यावी लागत नाही, तसंच हे.

या पद्धतीवर माझा इतका विश्वास की एकदा मला ती मोजून बघायची हुक्की आली. फळ्यावर मी मनचाच एक उतारा लिहिला. ‘द झिंपी टुगल्ड द मर्को इन द फलूश. द मर्को वॉज व्हेरी ग्रंडी.’ खाली प्रश्न: झिंपीनं काय टुगल केलं? कुठं? मर्को कसा होता? यातला एकही महत्त्वाचा शब्द जगातल्या कुठल्याही भाषेत नाही. नववीच्या छत्तीस पोरांतल्या चौतीस जणांनी तिन्ही उत्तरं बरोबर लिहिली. ‘द मर्को वॉज व्हेरी ग्रंडी.’ स्पेलिंगसकट. पूर्ण गुण. एका मुलीनं वेळ पुरला नाही म्हणून शेवटचं सोडलं. आणि मागच्या बाकावरच्या एका पोरानं कोरा कागद दिला. मी म्हटलं, ‘काय रे, का लिहिलं न्हाईस?’ तर म्हणतो, ‘सर, झिंपी म्हणजे काय ते सांगा की. मग लिहितो.’

असलं पोर वर्गात सापडलं तर सावध राहा. अर्थ विचारायची खोड एकाला लागली की बाकावरून बाकावर पसरते. मी त्याला शून्य दिलं. द्यावंच लागलं, नियम सगळ्यांना सारखा. बोर्डातही त्याला शून्यच मिळालं असतं आणि आता तर कुणी खोकून मदत करायचीही सोय राहिली नाही. 2024 पासून परीक्षेच्या हॉलमध्ये कॅमेरे आणि वेबकास्टिंग आहे. पोरं काय लिहितात ते सगळं वरून दिसतं. कळून लिहितात का, ते तेवढं कॅमेऱ्यात येत नाही.

कर्नाटकात 2007 पासून इंग्रजी पहिलीपासून आहे. आमच्या वेळी पाचवीला एबीसीडी यायची. म्हणजे हल्लीच्या पोराच्या पदरात दहावीपर्यंत दहा वर्षांची इंग्रजी पडते. दहा वर्षांत आमच्या शेतातल्या काजूला फळ धरून जुनं होतं. पण झाडाला फळ आलंय की नाही ते बघायला झाडाजवळ जावं लागतं. आम्ही रजिस्टर बघतो.

तो झिंपीवाला पोरगा मला पुन्हा भेटला बेळगाव स्टेशनवर. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय आणि मला अलीकडं वर्गातलं मागच्या बाकावरचं ऐकू येईनासं झालंय. बायको म्हणाली, ‘अगोदर ऐकू येत होतं पण ऐकत नव्हता, आता बहाणा मिळाला.’ तर कान दाखवायला मिरजेला निघालो होतो. एक नंबरवर बाकावर बसलो होतो. बाजूला कुंद्याची पाकिटं मांडीवर घेऊन एक कुटुंब मोठ्यानं भांडत होतं. अनाउन्समेंट झाली, आधी कन्नडमध्ये, मग हिंदीत, मग इंग्रजीत. माझ्या कानाशी नुसता गरगराट. तेवढ्यात हे पोरगं कुठनं आलं कुणास ठाऊक, काकाला पोचवायला आलं होतं म्हणे, आणि माझा दंड धरून म्हणतं, ‘सर, उठा की! मिरज पॅसेंजर दोन नंबरला येऊलालीय.’

पुलावर चढता चढता मी विचारलं, ‘तुला कसं रे कळलं एवढ्या गोंगाटात?’

‘कन्नडमध्ये गाडीचं नाव कळलं, नंबर कळला न्हाई. हिंदीच्या वेळी ती मावशी ओरडुलालती. इंग्लिशमध्ये परत नंबर सांगितल्यान, टू म्हणून. तिन्ही ऐकायचं सर, एकात गेलं तर दुसऱ्यात सापडतंय.’

गाडीत बसल्यावर घटप्रभेपर्यंत मी तेवढंच घोकत होतो. आमच्या या भागातलं पोर जन्मापासून असंच ऐकतं. कंडक्टरनं ‘टिकेट्’ कुठल्या सुरात म्हटलं त्यावरून पुढचं वाक्य कुठल्या भाषेत टाकायचं ते ठरवतं. खानापूरच्या बाजारात दर कन्नडमध्ये ऐकतं, घासाघीस मराठीत करतं आणि कोंकणीत बोलणारी गिऱ्हाईकं ओळखून भाव वाढवतं. एवढा तयार कान आयता वर्गात येऊन बसतो आणि आम्ही त्याला सांगतो, टॉम बाजाराला गेला.

पण तुम्ही असल्या विचारांत गुंतू नका. मी गुंतलो आणि परत आल्यावर रजिस्टर काढून बसलो. त्याच्या नावापुढं श्रवणाच्या चाचणीत 18 होते. समाधान वाटलं. मग सहज हजेरीपट बघितला, तर चाचणीच्या दिवशी तो गैरहजर. त्या आठवड्यात भाताच्या मळणीला घरी राहिला होता. म्हणून सांगतो, हजेरीपट आणि गुणांचं रजिस्टर एका कपाटात ठेवू नका. वेगवेगळी ठेवा आणि एकाची किल्ली हरवू द्या.

मिरजेचं सांगायचं राहिलंच. तिथं मला एका छोट्या बंद खोलीत बसवलं, बाहेरचा आवाज आत येणार नाही अशा. कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबा, एवढंच. बारीक शीळ, मग त्याहून बारीक, मग जाड घुमणारा सूर. डावा कान वेगळा, उजवा वेगळा. कुणी मध्येच थांबून ‘म्हणजे शीळ वाजली’ असं समजावलं नाही. वर्गाकडून उत्तर घ्यावं, तर खोलीत वर्ग नव्हता. एकदोनदा काहीच ऐकू आलं नसताना मी अंदाजानं बटण दाबून बघितलं. काचेपलीकडच्या मुलीनं मान वर केली, पुन्हा तोच सूर लावला आणि कागदावर काहीतरी खोडून पुन्हा लिहिलं.

शेवटी तिनं आलेख दाखवला. पंचवीस डेसिबलपर्यंत ठीक समजतात म्हणे. माझी रेघ तिथनं निघून उजवीकडं घाटातल्या रस्त्यासारखी खाली उतरत गेली होती. मी सवयीनं विचारलं, ‘मॅडम, इंटर्नलचे काही धरत न्हाईत काय यात?’

ती काहीतरी म्हणाली. मला नीट ऐकू आलं नाही. मी मान डोलावली.