लसूण नेमका कधी तांबूस होतो?

स्वयंपाकघराचे नूतनीकरण करायचे ठरले, तेव्हा सर्वांत मोठे भांडण ग्रॅनाइटवरून होईल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात ओटा, ट्रॉल्या आणि चिमणी हे विषय पंधरा दिवसांत मिटले, आणि पीओपीला भोके पाडण्याच्या आदल्या संध्याकाळी वायरमनने शिडीवरूनच विचारले, "काका, वॉर्म टाकायचा की कूल?" आमच्या घराने इतकी वर्षे एका चार फुटी ट्यूबलाइटखाली स्वयंपाक केला होता, आणि ती आज लागेल की नाही, यापलीकडे तिच्याविषयी कोणालाही मत नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही उभयता बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दाखल झालो. (नाव तपकिरीचे असले तरी धंदा विजेच्या सामानाचा आहे.) प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, ३००० म्हणजे पिवळसर वॉर्म, ४००० म्हणजे मधला आणि ६५०० म्हणजे निळसर पांढरा कूल, असे दुकानदाराने सांगितले. आकडा चढत असताना नाव थंड कसे, ही पत्नीची शंका होती. भट्टीतले लोखंड आधी लाल, मग पिवळे आणि अधिक तापल्यावर पांढरे होते, त्यावरून आकडे आले, नावे मात्र डोळ्यांना काय वाटते त्यावरून पडली, असे मी तिला समजावले. "म्हणजे जितकं जास्त तापलेलं, तितकं वरून थंड," ती म्हणाली, "तुमच्या आत्याबाई!"

तिन्ही रंगांचे नऊ वॅटचे एकेक बल्ब घेऊन आम्ही घरी आलो आणि एकाच होल्डरमध्ये ते आळीपाळीने लावून परीक्षा सुरू केली. मोहरी तडतडलेली ऐकू येते, परंतु लसूण तांबूस झाला की करपला, हे पाहूनच ठरवावे लागते. वॉर्म दिव्याखाली कच्चा लसूणही कढईत पडताक्षणी तांबूस दिसू लागला, तर कूल दिव्याखाली तो करपल्याचे नाकाने कळवेपर्यंत पांढराच भासत होता. मधल्या दिव्याने न्याय केला, पण तोवर घरात तीन फोडण्या आणि तीन पक्ष तयार झाले होते. आईला "लख्ख" हवा होता, मुलाला हॉटेलसारखा पिवळा. अखेर बटण बंद करून पुन्हा लावले की रंग बदलणारे थ्री-इन-वन पॅनेल आणून मी सर्वांची तोंडे बंद केली.

छतात असे सहा दिवे बसले. उद्घाटनाचा चहा करायला पत्नी ओट्याशी उभी राहिली, आणि सहाही दिवे तिच्या पाठीमागे असल्यामुळे तिची स्वतःची सावली नेमकी पातेल्यात पडली. हे नकाशावर कोणाच्याही लक्षात आले नव्हते, माझ्या तर नाहीच नाही. शेवटी वरच्या कपाटांच्या तळाशी, पुढच्या कडेला, ४००० केल्विनची एक पट्टी लावली, आणि तेव्हापासून भाजी तिच्याच उजेडात चिरली जाते.

छतावरचे दिवे केवळ मतभेदासाठी उरले आहेत. आई आली की खटखट, मुलगा आला की पुन्हा खटखट. परवा समोरच्या इमारतीतले गृहस्थ जिन्यात भेटले आणि आपुलकीने म्हणाले, "तुमच्या स्वयंपाकघरात लूज कनेक्शन दिसतंय. आमचा वायरमन चांगला आहे, नंबर देऊ का?"