व्यवस्थापन खर्चाच्या टक्क्यावरून संस्था ओळखता येत नाही

सोलापुरातल्या अनेक व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: ‘ज्या संस्थेचा व्यवस्थापन खर्च दहा टक्क्यांच्या वर, तिला एक रुपयाही देऊ नका. कायद्यातसुद्धा पाच टक्क्यांचीच मुभा आहे. पगार घेतो तो सेवक कसला? सेवा मोजायची नसते, नियोजन आणि मूल्यमापन हे कंपन्यांचे चोचले. किती लोकांपर्यंत पोचलात तेवढं सांगा.’

पुढे पाठवणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. कागदावरच्या ट्रस्टांनी पैसे लाटल्याचे किस्से सगळ्यांनीच ऐकलेत. पण हा मेसेज प्रमाण मानून लोक देणग्या देऊ लागले, तर पहिला फटका मन लावून काम करणाऱ्या संस्थांनाच बसेल. म्हणून हे उत्तर.

आधी कायद्याचं बोलू, कारण ते सरळ चुकीचं आहे. पाच टक्क्यांची मर्यादा सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाच्या, नियमांत आहे, पण ती कंपनीसाठी आहे. सीएसआरचा स्वतःचा कारभार चालवायला कंपनीने किती खर्च करावा, एवढ्यापुरतीच. तिच्याकडून निधी घेऊन काम करणाऱ्या संस्थेला ती लागू नाही. उलट याच नियमांत 2021 साली मोठ्या कंपन्यांना एक कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन सक्तीचं झालं. म्हणजे मेसेज ज्याला चोचले म्हणतो, ते कायदाच मागतो. परदेशी देणग्यांसाठीच्या एफसीआरए कायद्यात संस्थांवर मर्यादा आहे. 2020 च्या दुरुस्तीने ती 50 टक्क्यांवरून 20 वर आली. पण तिथेही दवाखान्यातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा पगार व्यवस्थापन खर्चात धरत नाहीत.

आता ते दहा टक्के. हिवाळ्यात घाऊक दराने चादरी घेतल्या, एका सकाळी वाटल्या, फोटो काढले, तर व्यवस्थापन खर्च जवळपास शून्य दिसतो. तेच एखादी संस्था विडी कामगार बाईचा टीबीचा कोर्स शेवटच्या गोळीपर्यंत पुरा व्हावा म्हणून महिनोन्महिने तिच्या घरी माणूस पाठवते. तिचा बहुतेक सगळा खर्च पगार, रिक्षाभाडं, फोन आणि नोंदी ठेवण्यावर होतो. मेसेजच्या फूटपट्टीने पहिली संस्था उत्तम आणि दुसरी संशयास्पद. शिवाय त्याच कार्यकर्तीचा पगार हिशेबात ‘कार्यक्रम’ खाली टाकायचा की ‘व्यवस्थापन’ खाली, यात बरीच मोकळीक असते. टक्केवारीचा धाक वाढला की संस्था काम सुधारत नाहीत, पगार दुसऱ्या रकान्यात टाकतात. अमेरिकेत देणगीदारांना संस्थांची माहिती पुरवणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तिघांनी 2013 साली जाहीर पत्र काढलं, की फक्त या टक्क्यावरून संस्थेची पारख करू नका. असे टक्के लोकांसमोर मांडण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, तेच हे सांगत होते.

‘सेवा मोजायची नसते’ आणि ‘किती लोकांपर्यंत पोचलात तेवढं सांगा’ ही दोन्ही वाक्यं एकाच मेसेजमध्ये आहेत, हे आधी लक्षात घ्या. मोजायचं तर आहेच, फक्त सोपं तेवढं. यावरचं उत्तर शोधायला लांब जायला नको, आपल्याच जिल्ह्यात बार्शी आहे.

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाशी जोडलेली कर्करोग नोंदणी, म्हणजे भागातल्या कर्करुग्णांची पद्धतशीर नोंद ठेवण्याचं काम, 1987 साली सुरू झाली. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. रुग्ण आपणहून दवाखान्यात येत नव्हते, म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरून माणसं शोधायचे, लक्षणं समजावून सांगायचे. पुढे याच रुग्णालयाने टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठा अभ्यास केला. 1999 पासून 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायका, चार गट. एका गटाची एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, तिसऱ्यात ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटाला नेहमीच्याच सोयी आणि माहिती. (या चौथ्या गटाला तपासणी न देण्यावर पुढे नैतिक आक्षेप आले. ते यायलाच हवे होते.) आठ वर्षं पाठपुरावा झाला. एचपीव्ही गटात या कर्करोगाने 34 बायका दगावल्या, चौथ्या गटात 64. गटांच्या आकारातला थोडा फरक धरला तरी मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. बाकीच्या दोन तपासण्यांनी मात्र मृत्यूंत ठोस म्हणावी अशी घट झाली नाही.

‘किती जणींची तपासणी केली’ एवढंच विचारलं असतं, तर तपासणीच्या तिन्ही गटांचं उत्तर सारखंच छान आलं असतं. हजारो लाभार्थी, बॅनरवर घालण्याजोगा आकडा. कोणत्या तपासणीने बायका वाचल्या हे कळलं ते आठ वर्षं नोंदी ठेवल्या म्हणून. आणि नोंदी ठेवणाऱ्या माणसांचा पगार हा मेसेजच्या हिशेबात वायफळ खर्च ठरतो. मला या मेसेजचा खरा राग येतो तो इथे.

एवढा मोठा अभ्यास सगळ्यांना झेपणार नाही, कबूल. तशी गरजही नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका अभ्यासिकेतली गोष्ट सांगते. घरात तेलुगू, शाळा मराठी. आई उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळतेय, लेक शेजारच्या खोलीत अभ्यासाला बसलेली. हजेरीवही गच्च भरलेली. चौथीतली ती मुलगी पुस्तकातला धडा खडखडीत वाचून दाखवायची. ताईंनी तिच्यापुढे एक अनोळखी परिच्छेद ठेवला, तेव्हा ती पहिल्याच जोडाक्षरापाशी अडली. धडा तोंडपाठ होता, वाचता येत नव्हतं. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेची ‘असर’ पाहणी 2005 पासून मुलांचं वाचन असंच तपासते: एका कागदावर अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट. त्या अभ्यासिकेला लागला तो एक कागद आणि ताईंचा थोडा वेळ. त्यानंतर ताईंनी इयत्तेप्रमाणे बसवणं सोडलं आणि वाचता येतं किती यावरून गट पाडले. कामाचं मूल्यमापन म्हणतात ते हेच.

पगाराच्या मुद्द्यावर फार बोलायला नको. फुकट काम परवडतं ते ज्याच्या घरात दुसरी मिळकत आहे त्याला. विडी कामगाराची शिकलेली मुलगी आपल्याच वस्तीत पूर्णवेळ काम करू इच्छित असेल, तर तिला पगार लागणारच. तो नाकारला की ती जाते आणि तिच्याबरोबर वस्तीची सगळी ओळखदेखही जाते.

राहिलं नियोजन. जूनमध्ये वह्यावाटप, पावसाळ्यात झाडं, थंडीत चादरी, गड्ड्याच्या यात्रेत पाणपोई, मध्येच आरोग्य शिबिर. छोट्या संस्थांचं वर्ष असंच जातं, कारण देणगीदार जे म्हणेल ते करावं लागतं. हातात दोन कार्यकर्ते असताना पाचही कामं धड होत नाहीत. मोठ्या संस्थेला एखादी चूक पचते, छोटीला नाही. म्हणून काय करायचं नाही हे ठरवण्याची गरज छोटीलाच जास्त. त्याला सल्लागार किंवा जाडजूड अहवाल लागत नाही. कोणासाठी काम करतो, तीन वर्षांनी त्यांच्यात काय बदललेलं दिसायला हवं आणि ते कशावरून कळेल, एवढं विश्वस्तांनी बसून एका पानावर लिहावं आणि दर तिमाहीला ते पान पुन्हा काढावं.

देणगीदारांनी शंका जरूर घ्यावी. संस्थेकडे तपासलेले हिशेब मागा. सार्वजनिक न्यासांना ते दरवर्षी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे द्यावेच लागतात, त्यामुळे टाळाटाळ झाली तर तिथेच सावध व्हा. मग टक्का विचारण्याऐवजी हे विचारा: गेल्या वर्षी तुमचं कोणतं काम फसलं, ते तुम्हाला कशावरून कळलं, आणि त्यानंतर काय बदललंत?