“एक प्रोब पुरतो” या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घरी बांधलेल्या विमानाच्या इंजिनात चारही सिलेंडरवर सीएचटी प्रोब (सिलेंडरच्या हेडचं, म्हणजे वरच्या टोकाचं, तापमान मोजणारा सेन्सर) लावा आणि 400 फॅरनहाइटला इशारा ठेवा, असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की लायकमिंग या इंजिन कंपनीची लाल रेषा (कमाल तापमान) 500 फॅरनहाइटला आहे मग मी 400 चा एवढा बाऊ का करतोय, फॅक्टरीतून आलेली कितीतरी विमानं एकाच सीएचटी प्रोबवर वर्षानुवर्षं उडतायत, आणि चार प्रोब, मॉनिटर, अलार्म लावले की पायलट बाहेर बघायचं सोडून स्क्रीनकडेच बघत बसतो. शिवाय तुमच्या ओ-320 या लायकमिंगच्या चार सिलेंडरच्या इंजिनाला तिसऱ्या सिलेंडरवर एकच प्रोब आहे आणि तो क्लाइंबमध्येही, म्हणजे वर चढतानाही, कधी 350 च्या वर गेला नाही. स्क्रीनबद्दलचं तुमचं म्हणणं मला बरंचसं पटतं, त्याकडे शेवटी येतो. बाकीचं नाही पटत, आणि असाच विचार करणारे बरेच जण असतात म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी फॅक्टरीचा मुद्दा, कारण सगळं त्यावरच उभं आहे. फॅक्टरीच्या विमानाचं काउलिंग (इंजिनावरचं आवरण), बॅफल (हवा सिलेंडरांवर वळवणारे पत्रे), हवा आत यायची तोंडं, बाहेर पडायची वाट हे सगळं एकदा ठरतं आणि मग त्याची कूलिंग टेस्ट होते. अमेरिकेच्या पार्ट 23 च्या (छोट्या विमानांच्या मंजुरीच्या) जुन्या नियमांत तर ही टेस्ट 100 फॅरनहाइटचा दिवस धरून असायची. टेस्टच्या दिवशी हवा गार असेल तर जेवढा फरक तेवढा हेडच्या तापमानात मिळवायचा आणि मग मर्यादेत बसतंय का बघायचं. म्हणजे समुद्रसपाटीजवळ 60 डिग्री फॅरनहाइटच्या सकाळी 410 दिसलं तर हिशोबाला ते 450. हे काम त्या विमानासाठी कुणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं, म्हणून तिथे एक प्रोब चालून जातो. आपल्या विमानाचं बॅफल आपण घरी कापलेलं असतं, सील आपण चिकटवलेलं असतं, एकाच किटची दोन विमानंसुद्धा सारखी थंड होत नाहीत. कूलिंग टेस्ट करणारे आपणच, आणि ती चारातल्या एका सिलेंडरवर होत नाही हो.

लाल रेषेबद्दल. 500 ही ओलांडायची नाही अशी हद्द आहे, तिथे इंजिन रोज चालवा असं लायकमिंगही म्हणत नाही. त्यांचाच सल्ला आहे की इंजिन जास्त टिकायला हवं असेल तर जोरातल्या क्रूझला (एका उंचीवरच्या सरळ उड्डाणात) 435 च्या खाली आणि इकॉनॉमी क्रूझला 400 च्या खाली ठेवा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं आणि या तापमानाला अ‍ॅल्युमिनियमची ताकद बरीच घसरलेली असते. शिवाय तुम्ही 470 ला निवांत बसला असाल आणि काही बिघडायला लागलं तर हातात वेळ किती उरतो? प्री-इग्निशन (ठिणगीच्या आधीच इंधन पेटणं) सुरू झालं की पिस्टनला भोक पडायला एखादं मिनिटही पुरतं. आणि ते बहुतेक वेळा एकाच सिलेंडरमध्ये होतं, इंजेक्शनवाल्या इंजिनात एका नोझलमध्ये कचरा अडकला की टेकऑफला तेवढाच सिलेंडर लीन होतो, म्हणजे त्याला इंधन कमी पडतं, आणि तापतो, बाकीचे तीन मजेत. प्रोब त्या तिघांपैकी एकावर असेल तर तुम्हाला काय कळणार?

“सगळ्यात गरम सिलेंडरवर लावला की झालं” असं तुम्ही लिहिलंय, पण सगळ्यात गरम कुठला हे चारही मोजल्याशिवाय ठरणार कसं, आणि तो क्लाइंबमध्ये एक आणि क्रूझला दुसराच असू शकतो. या लायकमिंगमध्येच बघा, दुसऱ्या सिलेंडरच्या पुढच्या अंगाला आणि तिसऱ्याच्या मागच्या अंगाला फिन (गार व्हायला असलेल्या पातळ पट्ट्या) फार उथळ असतात. बॅफलचा पत्रा तिथे फिनला घट्ट टेकवला की हवेला खाली जायला जागाच उरत नाही. हवा पाण्यासारखी सोपी वाट धरते, वाट बंद केली की दुसरीकडून निघून जाते आणि ती बाजू तापत राहते. बरेच बिल्डर तिथे पत्रा आणि सिलेंडरच्या मधे एखादा वॉशर टाकून थोडी फट ठेवतात, तेवढ्यानेही फरक पडतो. पण पडला की नाही हे दिसायला त्या सिलेंडरवर प्रोब हवा, आणि एक सुधारताना दुसरा बिघडला नाही ना हे बघायला बाकीच्यांवर पण.

आता तुमचे ते 350. मला खरी काळजी याचीच वाटतेय. सीएचटी प्रोब बहुतेक जे टाइप थर्मोकपल असतो, म्हणजे लोखंड आणि कॉन्स्टंटन (एक मिश्रधातू) यांच्या तारा जोडून तापमान मोजणारा. त्याची तार कमी पडली म्हणून मधे साधी तांब्याची वायर जोडली असेल तर जो सांधा काउलिंगच्या आत आहे तो स्वतःच मोजमापात शिरतो. सांधा 180 ला तापलेला, गेज कॉकपिटमध्ये 80 ला, तर गेज साधारण 100 डिग्री कमी दाखवणार. म्हणजे खरे 450 असताना तुम्हाला 350 दिसतील आणि वर्षभर सगळं छान चाललंय असं वाटत राहील. तपासायला सोपं आहे. प्रोब उकळत्या पाण्यात धरा, समुद्रसपाटीजवळ 212 यायला हवेत. पण तिथे थांबू नका, कारण सांधा गार असताना ही चूक दिसतच नाही. प्रोब पाण्यातच ठेवून सांध्यावर हेअर ड्रायर मारा, आकडा खाली सरकला की वायर चुकीची आहे असं समजा. आणि तुमचा प्रोब स्पार्क प्लगच्या खालचा रिंगवाला आहे की हेडच्या खाचेत बसणारा, तेही बघा. दोघांचे आकडे जुळत नाहीत आणि लायकमिंगची 500 ची मर्यादा खाचेतल्या प्रोबसाठी आहे.

राहिला स्क्रीनचा मुद्दा. टेकऑफ आणि क्लाइंबमध्ये नजर बाहेरच हवी, यात दुमत नाही. म्हणूनच तर अलार्म लावायचा. मी 400 ला पहिला इशारा ठेवतो, तो वाजेपर्यंत स्क्रीनकडे बघायची गरजच पडत नाही, आणि वाजला की काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं: नाक खाली, स्पीड वाढवा, मिक्श्चर फुल रिच (इंधन पूर्ण) आहे ना बघा, तरी आकडा चढतच असेल तर पॉवर कमी करा. एका सुईच्या गेजमध्ये हे होत नाही, तिथे उलट तुम्हालाच मान वाकवून बघावं लागतं.

तेव्हा पुढच्या उड्डाणाआधी ती हेअर ड्रायरची टेस्ट तेवढी करा आणि काय आलं ते इथेच लिहा. सांधा कुठे आहे, वायर कसली आहे आणि प्रोब कुठला आहे हे सांगितलंत तर पुढचं आपण मिळून बघू.