'फेसबुक क्रांती' म्हणे!

इजिप्तच्या २०११ च्या उठावाला अजूनही लोक सर्रास फेसबुक क्रांती म्हणतात आणि मला दरवेळी वैताग येतो. फेसबुकचा काहीच हात नव्हता असं नाही हां. जून २०१० मध्ये अलेक्झांड्रियात पोलिसांनी खालेद सईद नावाच्या २८ वर्षांच्या पोराला सायबर कॅफेतून ओढून काढून मरेपर्यंत मारलं, वर सांगितलं काय तर ड्रग्जची पुडी गिळली म्हणून गुदमरून मेला. त्याच्या चेंदामेंदा झालेल्या चेहऱ्याचा फोटो नेटवर फिरला आणि 'आपण सगळे खालेद सईद' हे पेज निघालं. चालवणारा वाएल घोनिम गुगलमध्ये नोकरीला, राहायला दुबईत, आणि नाव लपवून. लपवणारच ना, तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारकच्या राज्यात खऱ्या नावाने असलं पेज कोण चालवेल?

तर नोव्हेंबरमध्ये ऐन निवडणुकीच्या तोंडावर फेसबुकनेच ते पेज उडवलं. का, तर ॲडमिन खोट्या नावाने आहे, नियमात बसत नाही! शेवटी अमेरिकेत राहणाऱ्या एका इजिप्शियन बाईने स्वतःचं नाव दिलं तेव्हा ते परत आलं. आणि पुढे क्रांतीचं क्रेडिट कोणाला, तर फेसबुकला. वा रे वा.

२५ जानेवारी २०११ ला रस्त्यावर उतरा ही हाक याच पेजवरून गेली, असमा महफूज या कार्यकर्तीचा व्हिडिओही खूप फिरला, ते मान्यच. पण त्याच्या आधीची कितीतरी वर्षं महल्ला शहरातल्या कापड गिरणीतले कामगार संप करत होते, २००६ च्या संपात तर बायका आधी बाहेर पडल्या आणि पुरुष कुठायत म्हणून ओरडल्या. ६ एप्रिल २००८ चा संपसुद्धा मुळात त्या कामगारांचा, शहरातल्या पोरांनी त्याला पाठिंबा द्यायला फेसबुक ग्रुप काढला आणि त्यातून ६ एप्रिल चळवळ उभी राहिली. आपल्याकडे गिरणी संपाच्या आठवणी असलेल्या घरात हे वेगळं समजवावं लागत नाही.

खरी गंमत पुढे आहे. २७ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर सरकारने जवळजवळ सगळ्या देशाचं इंटरनेट बंद केलं, सकाळी मोबाईलही गेले. आणि २८ ला, शुक्रवारी, नमाजानंतर मशिदीमशिदीतून एवढे लोक रस्त्यावर आले की संध्याकाळपर्यंत पोलीस पळाले आणि सैन्य बोलवावं लागलं. म्हणजे सगळ्यात मोठा दिवस नेटशिवायच झाला! मला तर वाटतं नेट बंद झाल्यामुळेच अर्धे लोक खाली उतरले असतील, घरात बसून काही कळेचना, पोरगा कुठे गेला तेही कळेना, मग माणूस जाणार कुठे. घोनिम तेव्हा अटकेत होता, ७ फेब्रुवारीला सुटला, ११ ला मुबारकने सत्ता सोडली. 'समाज मुक्त करायला फक्त इंटरनेट पुरे' असं तेव्हा म्हणणाऱ्या याच माणसाने २०१५ मध्ये जाहीर सांगितलं की ते चूक होतं. पण ते कोणी शेअर करत नाही.

आणि सरकार काय शिकत नाही होय? नंतरचा राष्ट्राध्यक्ष सिसीच्या राज्यात २०१८ ला कायदा आला, ५ हजारांच्या वर फॉलोअर असतील तर तुमचं अकाउंट मीडियात धरणार आणि ब्लॉकही करता येणार. २०१९ च्या आंदोलनात कैरोत पोलीस रस्त्यावर पोरांना थांबवून फोन उघडायला लावत होते, फेसबुक चाळत होते. गर्दी जमवायला जी पोस्ट उपयोगी पडते तीच नंतर नावानिशी पुरावा म्हणून समोर येते, हे हॅशटॅगवाल्यांना कोणी सांगायचं.

२०११ च्या उठावातला कार्यकर्ता आणि ब्लॉगर, ब्रिटनचंही नागरिकत्व असलेला अला अब्द अल फत्ताह, त्याला २०२१ मध्ये ५ वर्षं दिली, कैद्याच्या मृत्यूबद्दलची एक पोस्ट शेअर केली म्हणून. शेअर! सप्टेंबर २०२५ मध्ये माफी मिळून तो सुटला. आता त्याच्याही नावाचा हॅशटॅग होताच, पण त्याची आई लैला सुएफ, सत्तरीला आलेली गणिताची प्रोफेसर, त्याच्यासाठी महिनोन्महिने उपाशी राहिली आणि लंडनमध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांच्या दारात जाऊन बसली, त्या बाईला मी हॅशटॅगच्या खाली तरी नाही ठेवणार.